आधी पुरुषाची तपासणी

मूल होत नाही म्हटले, की आपल्याकडे पहिले बोट सुनेकडे वळते. नवस, उपासतापास, अंगारेधुपारे सारे तिच्या वाट्याला. पुढे दवाखान्याच्या पायऱ्याही तिनेच झिजवायच्या. वस्तुतः अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील दोष, एकटा किंवा स्त्रीकडील दोषाच्या जोडीने, आढळतो. तो शोधण्याची पहिली पायरी म्हणजे वीर्यतपासणी. ती सोपी आहे, तिला सुई लागत नाही, सुरी लागत नाही. तरीही पुरुष ती टाळतो. कारण तिचा संबंध तो आपल्या पौरुषाशी जोडतो. पण कामशक्ती उत्तम असूनही वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसणे शक्य आहे. या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

दोन ते सात दिवस संयम पाळून वीर्याचा नमुना द्यावयाचा. तो अर्ध्या तासाच्या सुमारास पातळ होतो. मग एक थेंब काचेवर घेऊन, तासाच्या आत, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. शुक्रजंतूंची संख्या मोजतात. पण संख्या पुरत नाही, चालही पाहावी लागते. पुढे सरकणारे किती, जागच्या जागी वळवळणारे किती, निश्चल किती, असा हिशेब मांडतात. निश्चल म्हणजे मेलेला, असे मात्र नव्हे. इओसिन हा रंग मिसळला, की मेलेला जंतू रंगतो, जिवंत कोरा राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्रजंतू आणि पुढे सरकणारे ३० टक्के, या खालच्या मर्यादा दिल्या आहेत. ही पास-नापासाची रेघ नव्हे. वर्षाच्या आत ज्यांच्या पत्नीला दिवस गेले, अशा पुरुषांतही शेकडा पाच जण या आकड्यांच्या खाली होते. शिवाय शुक्रजंतू तयार व्हावयास सुमारे अडीच महिने लागतात. दोन महिन्यांपूर्वीचा ताप आजच्या अहवालात उमटू शकतो. म्हणून अहवाल वाईट आला तर तपासणी पुन्हा करावी.

आम्ही कामगारांत वावरणारे; तेव्हा दाखला कामगारांचाच देतो. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप येथे पिकांच्या मुळांवरील सूत्रकृमी मारणारे डीबीसीपी नावाचे औषध बनत असे. आपल्या घरी पाळणा का हलत नाही, हे तेथील कामगार एकमेकांशी बोलले आणि त्यांच्या संघटनेने प्रश्न धसास लावला. १९७७ मध्ये नसबंदी न झालेल्या २५ जणांची तपासणी झाली. १४ जणांत शुक्रजंतू फार थोडे, किंवा मुळीच नव्हते. दोष पौरुषाचा नव्हता, विषाचा होता. १९७९ मध्ये अमेरिकन सरकारने, हवाईतील अननसाचे मळे वगळता, त्याचा वापर थांबवला.

ते लाजून गप्प बसते, तर हे विष आणखी किती घरांत शिरले असते! म्हणून आमचे सांगणे एवढेच: सुनेला बोल लावण्यापूर्वी मुलाला तपासणीस पाठवा, आणि भट्टीपाशी किंवा रसायनांत काम करीत असाल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.