आपल्या शहराचा अग्निशमन विभाग : त्यांचे अधिकार आणि आपली जबाबदारी

उत्तरायण होऊन आठवडा झाला असेल. आमच्या सोसायटीत पहाटे तीनच्या सुमारास मीटर रूममध्ये आग लागली. ज्वाळा फारशा नव्हत्या, पण काळा धूर जिन्यातून थेट वर चढला. गच्चीच्या दाराला कुलूप होते. पतंगांची गडबड संपली, आता मुले वर जायला नकोत, म्हणून आम्हीच, म्हणजे कमिटीनेच, ते लावले होते. किल्ली कोणाकडे आहे हे त्या वेळी कोणालाही आठवेना.

बंब आला, पण गल्लीच्या तोंडाशी आमच्याच दोन गाड्या उभ्या होत्या. त्या बाजूला होईपर्यंत जवान पाईप खांद्यावर घेऊन पळत आत आले. त्यांनी गच्चीचे कुलूप तोडले, तेव्हा कुठे धुराला वाट मिळाली. दुसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटचे दारही त्यांनी फोडले, कारण आत कोणी आहे की नाही हे खात्रीने सांगणारा कोणी नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना गुदमरलेल्या अवस्थेत दवाखान्यात न्यावे लागले. त्या चौथ्या दिवशी घरी आल्या.

पुढच्या रविवारी मीटिंग झाली. बंद फ्लॅटचे मालक नातवाच्या बारशाला पुण्याला गेले होते. त्यांनी सरळ विचारले, "माझे दार कोणाच्या परवानगीने फोडले? आणि त्याचे पैसे कोण देणार?" आमच्यापैकी एकालाही नीट उत्तर देता आले नाही. म्हणून आम्ही तिघे-चौघे दांडिया बाजारच्या फायर स्टेशनवर जाऊन आलो, कायदा वाचला आणि जे समजले ते मंडळाच्या सभासदांसाठी येथे लिहीत आहोत.

हा विभाग कोणाचा?

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने (१९९२) बारावे परिशिष्ट आले. शहरी संस्थांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांची यादी त्यात आहे आणि अग्निशमन सेवा हा त्यातला एक विषय. सोपवायचे की नाही हे मात्र राज्य ठरवते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणची व्यवस्था वेगळी आहे. गोव्यात ही सेवा राज्य सरकारच्या संचालनालयाकडे आहे. बेळगावात कर्नाटक राज्याच्या अग्निशमन व आपत्कालीन सेवेचे स्टेशन असते. हैदराबादेतही हा राज्याचा विभाग आहे. मुंबई, पुणे, अहमदाबाद, सुरत आणि आपले बडोदे येथे मात्र अग्निशमन दल महानगरपालिकेचे आहे.

आपल्याकडची आणि पुण्याकडची पालिका मुळात एकाच कायद्याची लेकरे. १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा राज्ये वेगळी झाल्यावर दोन्हीकडे राहिला आणि पुढे दोन्हीकडे त्याची नावे बदलली. त्यात पालिकेची कामे दोन प्रकारची सांगितली आहेत, काही बंधनकारक आणि काही ऐच्छिक. अग्निशमन दल ठेवणे हे बंधनकारक कामांत येते. बाग किंवा नाट्यगृह पैसे नसतील तर पुढे ढकलता येईल, बंब ढकलता येणार नाही.

कोण कोणाच्या हाताखाली?

सर्वात वर मुख्य अग्निशमन अधिकारी, म्हणजे चीफ फायर ऑफिसर. ते महापालिका आयुक्तांना जबाबदार. त्यांच्याखाली विभागीय अधिकारी, मग प्रत्येक स्टेशनचा स्टेशन ऑफिसर, सब ऑफिसर, लीडिंग फायरमन, फायरमन आणि गाडी व पंप दोन्ही सांभाळणारे ड्रायव्हर. गुजराती वर्तमानपत्रे ज्यांना 'लाश्कर' म्हणतात ते हेच फायरमन. शहरात दांडिया बाजार, पाणीगेट, वडीवाडी, गाजरावाडी, मकरपुरा जीआयडीसी, छाणी अशी ठिकठिकाणी स्टेशने आहेत. फोन कुठूनही आला, तरी जवळच्या स्टेशनची गाडी आधी निघते आणि आग मोठी असेल तर बाकीच्यांना बोलावले जाते.

या अधिकाऱ्यांचे शिक्षण कुठे होते, हे ऐकून आम्हाला बरे वाटले. केंद्र सरकारचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपूरला आहे. १९५६ मध्ये ते उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आले. देशभरातले अनेक अधिकारी तिथूनच शिकून येतात.

पालिकेच्या वर राज्याचीही एक यंत्रणा आहे. गांधीनगरला राज्याचे संचालक आणि विभागवार प्रादेशिक अग्निशमन अधिकारी असतात. लहान नगरपालिकांच्या बाबतीत त्यांचे काम अधिक. मोठ्या कारखान्यांचे स्वतःचे दल असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोयलीच्या रिफायनरीत टाकीला आग लागली, तेव्हा रिफायनरीच्या स्वतःच्या यंत्रणेबरोबर बाहेरचे बंबही धावले होते.

आणि काम फक्त आगीचे नाही. विश्वामित्रीला पूर आला की होड्या घेऊन जाणारे हेच. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस, पडलेले झाड, पतंगाच्या मांज्यात गुंतलेला पक्षी, सगळे हेच सोडवतात.

आगीच्या जागी त्यांचे अधिकार

आता दाराचा प्रश्न. आग लागलेल्या जागी हजर असलेला अग्निशमन अधिकारी हा तिथला प्रमुख. कामात अडथळा करणाऱ्याला तो बाजूला काढू शकतो, रस्ता बंद करू शकतो. आग विझवण्यासाठी किंवा माणसे वाचवण्यासाठी कुठल्याही घरात शिरू शकतो, दार फोडू शकतो, गरज पडली तर भिंतही पाडू शकतो. आजूबाजूच्या भागाचा पाणीपुरवठा थांबवून आगीच्या जागी दाब वाढवू शकतो. जवळच्या टाकीतले पाणी घेऊ शकतो. यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. परवानगीची वाट पाहिली तर माणूस जातो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. आणि सद्भावनेने केलेल्या अशा कामाबद्दल त्या जवानावर दावा लावता येत नाही.

म्हणून आमच्या शेजाऱ्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर : कोणाच्याही परवानगीची गरज नव्हती.

दुसरा प्रश्न पैशांचा. आग विझवताना दलाने केलेले नुकसान, म्हणजे फोडलेले दार किंवा पाण्याने भिजलेले सामान, विम्याच्या दृष्टीने आगीनेच झालेले नुकसान धरले जाते. म्हणजे पैसे विमा कंपनीने द्यायचे. पण त्यासाठी आधी विमा हवा.

इथेच खरी मेख आहे. आमच्यातल्या ज्यांनी बँकेत आयुष्य काढले त्यांनी हे कितीदा तरी पाहिले आहे. गृहकर्ज चालू असते तोपर्यंत बँक घराचा विमा काढायला लावते. कर्ज फिटते, कागद घरी येतात, पेढे वाटले जातात आणि विम्याचे नूतनीकरण तिथेच थांबते. आमच्या शेजाऱ्यांचेही तसेच झाले होते. दाराचा खर्च शेवटी त्यांनी आणि सोसायटीने निम्मा-निम्मा केला. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी मिळते. सभासदांनी आपापली कपाटे उघडून एकदा पाहावे, पॉलिसी आहे का आणि तिची तारीख काय. दावा करताना अग्निशमन विभागाचा अहवाल लागतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो, तो आपणहून घरी येत नाही.

आग लागण्यापूर्वीचे अधिकार

हे अधिकार लोकांना कमी ठाऊक आहेत, पण महत्त्वाचे तेच आहेत. महाराष्ट्राने २००६ मध्ये आणि गुजरातने २०१३ मध्ये आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा केला. दोन्हींचा गाभा एकच. इमारतीत आग प्रतिबंधक साधने बसवणे आणि चालू स्थितीत ठेवणे ही जबाबदारी मालकाची किंवा ताबेदाराची. सोसायटी असेल तर ती अर्थातच कमिटीवर येते.

अधिकारी इमारतीत येऊन तपासणी करू शकतात. त्रुटी दिसल्या तर मुदत घालून नोटीस देतात. पाळली नाही आणि जिवाला धोका दिसला, तर इमारत रिकामी करायला लावून तिला सील ठोकता येते, वीज आणि पाणी तोडायला सांगता येते. उंच इमारती, रुग्णालये, शाळा, सभागृहे यांना अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते व ते वेळोवेळी नवे करावे लागते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार १५ मीटर आणि त्याहून उंच इमारत ही उंच इमारत गणली जाते.

कायदा कागदावर चांगला आहे. पण २४ मे २०१९ रोजी सुरतच्या तक्षशिला आर्केडमध्ये २२ जण गेले, त्यांतले बहुतेक क्लासला आलेली मुले होती. ६ ऑगस्ट २०२० रोजी अहमदाबादच्या एका कोविड रुग्णालयात ८ रुग्ण गेले. त्यानंतर २०२१ पासून राज्याने प्रशिक्षित खाजगी फायर सेफ्टी ऑफिसर नेमण्याची पद्धत आणली, म्हणजे तपासणीचे काम विभागाच्या मोजक्या माणसांवर अडून राहू नये. तरीही २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ जण गेले. तिथे अग्निशमन विभागाचे ना-हरकत पत्रच नव्हते. पुढे मालकांबरोबर पालिकेच्या अधिकाऱ्यांनाही अटक झाली. सील करण्याचा अधिकार असूनही तो वेळेवर वापरला नाही, तर काय होते ते राजकोटने दाखवले.

म्हणून नोटीस आली की "कोणाची तरी ओळख आहे का" असे विचारण्याची आपली सवय सोडायला हवी. आपल्या मंडळाच्या सभागृहातही गणेशोत्सवात दीड-दोनशे माणसे बसतात. मागचे दार तेव्हा खुर्च्यांच्या थप्पीने बंद असते. हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे आणि कोणीच बोललेलो नाही.

आमच्या सोसायटीने काय केले

गच्चीचे कुलूप काढून आतून उघडेल अशी कडी लावली. गल्लीच्या तोंडाशी पार्किंग बंद केले. त्यावरून दोन आठवडे भांडणे झाली, आता शांत आहे. मीटर रूममधले जुने वायरिंग बदलले आणि तिथे ठेवलेल्या सायकली व रद्दी हलवली. मीटरजवळ विजेच्या आगीवर चालणारे पावडरचे अग्निशामक ठेवले आणि पुन्हा भरण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिली. गावाला जाणाऱ्याने घरात कोणी नाही एवढे तरी शेजारी सांगून जावे, असे ठरवले. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी वॉचमनच्या खोलीत लावली.

फोन १०१ किंवा ११२. बोलताना आधी पत्ता, मग काय जळते आहे आणि आत कोणी अडकले आहे का. घाबरल्यावर आपण मराठीत बोलू लागतो आणि सोसायटीचे नाव सांगून थांबतो. त्याऐवजी जवळचे मंदिर, चौक किंवा शाळा सांगावी. एकाने रस्त्यावर जाऊन बंबाला वाट दाखवावी. जिन्यात धूर असेल तर खाली पळू नये. दार बंद करून फटींना ओले कापड लावावे आणि रस्त्याकडच्या खिडकीत दिसेल असे उभे राहावे. लिफ्ट वापरू नये. विजेच्या आगीवर पाणी टाकू नये.

१४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. १९४४ मध्ये याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये दारूगोळा आणि कापसाच्या गाठी भरलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला. आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. त्या आठवड्यात दलाचे लोक ठिकठिकाणी प्रात्यक्षिके करून दाखवतात. आपल्या सभागृहात असे एक प्रात्यक्षिक व्हावे म्हणून आम्ही मंडळाच्या कार्यकारिणीला पत्र दिले आहे. त्या दिवशी मागच्या दारासमोरच्या खुर्च्या हलवायला सकाळी चार-पाच तरुण लागतील. ज्यांना जमेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपले नाव आधीच दिले आहे. खुर्च्या उचलायला नव्हे, चहा करायला.