उसना आराम

खाज ही चारचौघांत सांगायची व्याधी नव्हे. बँकेत असताना कर्जदार समोर बसलेला असे आणि मी टेबलाखाली गुडघ्यावर गुडघा घासत असे. पण तेव्हाचा नायटा मलमाने दोन-तीन आठवड्यांत जाई. निवृत्तीनंतरच्या एका पावसाळ्यात आला तो मात्र ठाण मांडूनच बसला.

आमच्या भंडारा जिल्ह्यात पावसाळा म्हणजे रोवणी. बांधीतल्या चिखलात दिवसभर वाकलेल्या बाया ओल्या लुगड्यानेच घरी परततात. कमरेला, जांघेत गजकर्ण उठते. विचारले तर ‘उष्णता झाली’ म्हणतात.

मी औषधाच्या दुकानातून, कुणाला न विचारता, एक ट्यूब आणली. एका रात्रीत आराम! मोठ्या औदार्याने तशीच एक आमच्या शेतावर येणाऱ्या बाईलाही दिली. खाज परतली की आम्ही दोघेही पुन्हा ट्यूब पिळत होतो. असे वर्ष गेले.

त्या मलमात बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल हे जबर स्टेरॉइड होते. ते खाज दाबते, पण त्वचेची लढण्याची ताकदही दाबते. बुरशी आत निवांत पसरते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. दुकानात मला चिठ्ठी कुणी मागितली नाही, हे खरे. मीही कुठे डॉक्टरकडे गेलो होतो? शिवाय बुरशीही पूर्वीची राहिलेली नाही. २०२० मध्ये नाव मिळालेल्या ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’वर टर्बिनाफिनच्या नेहमीच्या गोळ्या पुष्कळदा चालत नाहीत. नावातच आपला देश आहे!

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी ट्यूब बंद केली. पहिला आठवडा अक्षरशः रडवणारा. मग दुसऱ्या गोळ्या, काही महिने. डाग गेल्यावरही चालूच. घरातल्या सर्वांची तपासणी, टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात धुऊन उलटे करून उन्हात. (श्रावणात ऊन कुठून आणायचे, हे त्यांनी सांगितले नाही.)

मी बरा झालो. त्या बाईला माझी पत्नी दवाखान्यात घेऊन गेली. तिच्या जांघेतली कातडी पातळ होऊन भेगांसारखे वळ पडले होते. गजकर्ण जाईल, वळ राहतील, असे डॉक्टरीणबाईंनी सांगितले.

संध्याकाळी ती अंगणात आली. “साहेब, तुमच्याच ट्यूबनं झालं का जी?”

मी हो म्हणालो. पुढची तारीख रोवणीच्या दिवसांत आहे. मजुरी बुडेल म्हणून ती येणार नाही म्हणते. त्या दिवसाची मजुरी देऊन आम्ही दोघे तिला नेणार आहोत.