ऐकून शिकू या इंग्रजी : भाग ७ — नुसतं ‘हार्श’ लिहू नका

कर्जतच्या स्टँडवर एसटी फलाटाला लागते तेव्हा ब्रेकमधून जी किंकाळी निघते, ती स्क्रीच. खिडकीचा पत्रा खडखडतो, तो रॅटल. दाराची बिजागरी तेलावाचून करकरते, तो क्रीक. आपली मुलं निबंधात या तिन्ही आवाजांना एकच शब्द लावतात, हार्श. नाहीतर लाउड. याचं वाईट वाटतं, कारण मराठीत हीच मुलं कधी चुकत नाहीत. रेडिओ खरखरतो, दात करकरतात, चाक कुईकुई करतं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मोल्सवर्थच्या १८३१च्या मराठी-इंग्रजी कोशात अशा अनुकरणवाचक शब्दांच्या नोंदी जागोजागी सापडतात. एवढी तयारी घरातूनच मिळालेल्या मुलांना इंग्रजी आवाज जड जाऊ नयेत.

शब्द पाठ करण्याआधी आवाज कुठून निघाला ते बघा. ग्रेट म्हणजे किसणे. किसणीवर नारळ घासावा तसा कानाला घासून जाणारा आवाज ग्रेटिंग. रास्प म्हणजे सुताराची जाड दात्यांची कानस. त्यावरून खरखरीत श्वास किंवा बोलणं रास्पिंग. घसा बसला की आवाज होर्स. कावळ्यांचा कलकलाट किंवा दंगेखोर टोळक्याचा गोंगाट रॉकस. स्ट्रायडंट मात्र जपून वापरा. तो आवाजाच्या टोकदारपणाबरोबर बोलणाऱ्याच्या हट्टावरही बोट ठेवतो. त्याच्याच लॅटिन मुळातून आलेला स्ट्रायडर हा शब्द डॉक्टर अडलेल्या श्वासनलिकेच्या आवाजासाठी वापरतात.

फळ्यावर खडू किंचाळला की अंगावर काटा येतो. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि हे एका सेकंदात शेकडो वेळा घडतं. व्हायोलिनचा गज तारेवर नेमकं हेच करतो. म्हणजे घर्षण तेच, पण एकीकडे सूर लागतो आणि दुसरीकडे दात शिवशिवतात. १९८६ साली अमेरिकेतल्या हॅल्पर्न, ब्लेक आणि हिलेनब्रँड या संशोधकांनी पाटीच्या दगडावर बागकामाचं हत्यार ओढून तो आवाज लोकांना ऐकवला. त्यातला उंच पट्टीचा भाग काढून टाकला, तरी लोकांना तो तितकाच नकोसा वाटला. त्रास मधल्या पट्टीत होता. तेव्हा ‘चिरका म्हणून वाईट’ हे गणित नेहमी बरोबर येत नाही. चिरक्यासाठी श्रिल हा शब्द आहे, आणि शिट्टी श्रिल असूनही कुणाला आवडू शकते.

मोठा आवाज आणि बेसूर आवाज यांतही गल्लत नको. कर्जतच्याच संत गोदड महाराजांच्या रथयात्रेत टाळ-मृदंगाचा गजर लांबवर ऐकू येतो, पण त्याला कॅकॉफनी म्हणणं चूक ठरेल, कारण सगळे हात एका ठेक्यात पडत असतात. दोन मंडपांतले दोन कर्णे शेजारी शेजारी वेगवेगळी गाणी लावून बसले, की ती कॅकॉफनी. ग्रीक काकोस म्हणजे वाईट, फोने म्हणजे आवाज.

मोराचं काय करायचं, हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. पक्ष्यांवरच्या इंग्रजी पुस्तकांत त्याच्या ओरडण्याला बहुधा स्क्रीम म्हणतात, हार्शही म्हणतात. आपल्या संगीतपरंपरेत मात्र मोर षड्ज गातो. सप्तकाचा पहिला स्वर त्याच्या नावावर आहे. भीमेपलीकडे बारामतीत राहिलेल्या मोरोपंतांनी देवाला घातलेल्या आर्त हाकांना ‘केकावली’ हे नाव दिलं, आणि केका म्हणजे मोराचा टाहो. मोरावर इंग्रजीत लिहायचं झालं तर स्क्रीम हा शब्द डोळे मिटून उचलू नका. प्लेंटिव्ह क्राय म्हणून बघा, मोरोपंतांचा कान त्याच्या जास्त जवळचा आहे.

पुढच्या आठवड्यात पाण्याचे आवाज घेऊ. तोवर घरातली करकरणारी, खरखरणारी, कुरकुरणारी प्रत्येक वस्तू वहीत टिपा आणि तिच्यापुढे एकेक इंग्रजी शब्द लिहून ठेवा.