आवाज येतो, पण बोलणं कळत नाही

“आवाज येतो, पण बोलणं कळत नाही.” अलिबाग, चौल, रेवदंडा, मुरूड, कुठल्याही मोहल्ल्यात सत्तरीपुढच्या बुजुर्गांना विचारा, टीव्हीबद्दलची त्यांची तक्रार बहुधा याच शब्दांत येते. नवल असे की, हल्ली तिशीतल्या सुना आणि कॉलेजातली मुलेही हेच म्हणू लागली आहेत. मुलांनी त्यावर उपायही शोधला आहे. कार्यक्रम सुरू झाला की पहिल्यांदा सबटायटल लावायचे, मगच बघायला बसायचे. कान ठणठणीत, भाषा ओळखीची, तरी खाली ओळी हव्यातच. घरातले मोठे म्हणतात, “हे काय नवे खूळ? सिनेमा बघायचा की वाचायचा?”

हे खूळ नाही. चित्रपटाचा आवाज तयार होतो तो थिएटरसाठी. तिथे संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात आणि संगीत, पाऊस, घोड्यांच्या टापा आजूबाजूंनी येतात, त्यामुळे त्यांची सरमिसळ होत नाही. घरी तेच सगळे दोन बारक्या स्पीकरमध्ये कोंबले जाते. जुन्या डब्यासारख्या टीव्हीचा स्पीकर बहुधा आपल्या तोंडासमोर असायचा. आजचा टीव्ही भिंतीवरच्या तसबिरीसारखा पातळ. त्याचे स्पीकर खाली किंवा पाठीमागे, म्हणजे आवाज भिंतीशी बोलतो आणि उरलेला आपल्याकडे येतो. संवाद कळत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच हाणामारी सुरू होते आणि झोपलेले बाळ दचकून उठते.

शिवाय बोलण्याची रीतही बदलली. पूर्वी हिंदी चित्रपटांत बहुतेक संवाद शूटिंगनंतर स्टुडिओत बसून पुन्हा म्हटले जात, त्यामुळे शब्द स्वच्छ यायचा. ‘लगान’ (२००१) मध्ये शूटिंगच्या जागीच आवाज टिपला गेला आणि पुढे ही पद्धत वाढत गेली. त्यात खरेपणा येतो हे मान्य, पण पुटपुटणेही जसेच्या तसे येते. दिलीपकुमारसुद्धा हळूच बोलत, पण त्यांचा एक शब्द वाया जात नसे. आजच्या काही कलाकारांना वाटते, ओठ हलले की अभिनय झाला. त्यात आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की शेजारी बसलेल्याचे बोलणे कळत नाही, तिथे टीव्हीचे काय!

बुजुर्गांची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यायला हवी. वय वाढते तशी ऐकण्याची ताकद सगळीकडून सारखी कमी होत नाही. आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. स, श, फ, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख याच बारीक आवाजांवर असते. आ, ओ, ऊ हे जाड स्वर टिकून राहतात. म्हणून आवाज येतो, पण ‘साथ’ म्हटले की ‘हाथ’, शब्दच हरवतो. अशा माणसाला मोठ्याने ओरडून सांगितले तर स्वरच मोठा होतो, व्यंजन तिथेच राहते. आपण मात्र चिडतो, “नानी, किती वेळा सांगायचं!” मग नानी विचारणे सोडून देते. सगळे हसले की आपणही हसते, आणि थोड्या दिवसांनी ‘मला झोप आली’ म्हणून आतल्या खोलीत जाऊन पडते. घरात असे झाले असेल तर आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. चष्म्याची लाज वाटत नाही, तशी कानाच्या मशिनचीही वाटू नये. भारतात सुमारे ६ कोटी ३० लाख लोकांना ऐकण्याचा त्रास आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपली नानी एकटी नाही.

आता नानीला ओळी वाचता येतात का, हा पुढचा प्रश्न. पाकिस्तानी नाटके आपल्या घरांत ‘झिंदगी’ वाहिनीमुळे २०१४ साली सर्रास शिरली. नंतर तुर्कीचे ‘अर्तुग्रुल’ आले. तुर्कस्तानच्या सरकारी वाहिनीवर ते २०१४ ते २०१९ चालले आणि २०२०च्या रमजानमध्ये पाकिस्तान टेलिव्हिजनने ते उर्दूत आणले. त्या लॉकडाऊनमध्ये कितीतरी घरांनी आधी तुर्की आवाज आणि खाली इंग्रजी ओळी अशीच ती मालिका पाहिली. आठवी-नववीतली मुले ओळी वाचून घरच्यांना अर्थ सांगत होती. मूकपटांच्या काळी असेच चाले. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून (१९१३) पडद्यावर मजकुराच्या पाट्या येत आणि ज्याला वाचता येई तो शेजारच्यांसाठी मोठ्याने वाची. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, सिनेमा बोलू लागला आणि पाट्या गेल्या. आता त्या तळाशी परत आल्या आहेत.

खरे तर ओळीखाली ओळ ही आपल्या घरांना अनोळखी गोष्ट नाही. वर अरबी आयत, खाली उर्दू तर्जुमा, अशी पाने वाचतच आपण मोठे झालो.

शिक्षिका म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. बेल्जियममधले मानसशास्त्रज्ञ जेरी द’इदेवाल यांनी १९९१च्या सुमारास प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या हालचाली तपासल्या. भाषा समजत असली तरी पडद्यावर ओळ दिसली की डोळा आपोआप तिच्याकडे जातो, असे त्यांना आढळले. आपल्या देशात या सवयीचा उपयोग ब्रिज कोठारी यांनी केला. स्पॅनिश चित्रपट पाहताना त्यांना सुचले, हिंदी गाण्याखाली हिंदीच ओळ दिली तर? गाणे तोंडपाठ असते, मग डोळा शब्द ओळखायला शिकेल. १९९६ साली अहमदाबादच्या आयआयएममध्ये त्यांनी काम सुरू केले, १९९९ मध्ये गुजरात दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’मध्ये गुजराती गाण्यांखाली गुजराती ओळी आल्या, नंतर ‘रंगोली’सारख्या हिंदी कार्यक्रमांतही. महाराष्ट्रात २०१३ नंतर काही काळ झी टॉकीजवरच्या मराठी चित्रपटांना मराठी ओळी होत्या.

याची गरज किती, ते ‘असर’च्या पाहणीत दिसते. २०२२ साली ग्रामीण भारतात पाचवीतल्या १०० मुलांपैकी ४३ मुलेच दुसरीचा धडा वाचू शकत होती. आमच्या वर्गातही अक्षरे ओळखणारी, पण वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरणारी मुले असतात. त्यांना घरी रोज तास-दीड तास टीव्ही मिळतो, पुस्तक मिळत नाही.

अडचण अशी की, ओळी मिळतात त्या इंग्रजीत. मराठी चित्रपटाखाली इंग्रजी, उर्दू नाटकाखाली इंग्रजी. परदेशातल्या प्रेक्षकाची सोय झाली. पण ज्या नानीला फक्त उर्दू किंवा मराठी वाचता येते आणि ज्या मुलाला आपलीच भाषा वाचायला शिकायची आहे, त्यांच्या वाट्याला काय? दिव्यांग हक्क कायदा २०१६ साली झाला. त्याला धरून माहिती व प्रसारण मंत्रालयाने टीव्हीसाठी २०१९ मध्ये मानके काढली, चित्रपटगृहांसाठी २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना. कागद तयार आहेत. मराठी मालिका लावून खाली मराठी ओळी शोधा म्हणजे पुढचे कळेल. वाहिन्यांना पत्रे जातात ती कथेबद्दल आणि नट्यांच्या साड्यांबद्दल. ओळींबद्दलही दोन पत्रे जायला हरकत नाही.

तोवर घरी जे आहे ते वापरू. ओटीटीवर आवाज आणि ओळी यांची निवड एकाच ठिकाणी असते. तिथे हिंदी दिसली तर देवनागरी वाचणाऱ्यांचे काम भागते. अक्षर मोठे करता येते, काळ्या पट्टीवर पिवळे अक्षर म्हाताऱ्या डोळ्यांना बरे पडते. यंत्राने आपोआप केलेल्या ओळींवर फार भरवसा नको. नावे आणि अरबी-फारसी शब्द तिथे हमखास बिघडतात.

इंग्रजी ओळींत काय सांडते, हे दाखवायला नववीच्या वर्गात एकदा एका उर्दू नाटकाची पाच मिनिटे लावली आणि मुलांना मराठी ओळी लिहायला सांगितल्या. अट एकच : एका वेळी दोनच ओळी, पाच-सहा सेकंदांत वाचून व्हाव्यात. इंग्रजीत ‘आप’, ‘तुम’ आणि ‘तू’ तिन्हींना एकच शब्द होता, त्यामुळे नवरा बायकोवर रागावून ‘तुम’वरून ‘आप’वर आला ते ओळींत कुठेच नव्हते. मुलींनी ते बरोबर पकडले. मराठीत नवरा बायकोला ‘तुम्ही’ म्हणाला तर तो राग वाटेल की आदर, यावर वर्गात दोन तट पडले. मग ‘तकल्लुफ’ आला. कोणी ‘औपचारिकता’ लिहिले, कोणी ‘संकोच’, एकीने ‘उगाच त्रास नको’. तास संपल्याची घंटा झाली तरी तो शब्द फळ्यावर तसाच होता, आणि मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, “टीचर, माझी दादी असं म्हणते तेव्हा तिला चहा हवा असतो.”