ओट्यामागची भिंत आणि ट्रॉलीची झाक

मी निवृत्त फौजी, मुक्काम जयपूर. आजचा विषय छोटा वाटेल, पण घर लावताना त्यावरून बरेच वाद होतात. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि वरची कपाटं बसली, आता भिंतीला रंग कोणता लावायचा?

"पांढरा लावून टाका, सगळ्यावर चालतो," असं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. पण पांढरा हा एक रंग नाही. दुकानात शेड कार्ड उघडलं की पांढऱ्याचीच दोन पानं निघतात. कुणी सायीसारखा, कुणी चुन्यासारखा, कुणी नीळ घातलेल्या धोतरासारखा. यातला चुकीचा पांढरा निवडला, तर लाखांच्या घरात गेलेलं फर्निचर मळकं दिसतं आणि बिचाऱ्या सुताराला बोल लागतो. ट्रॉल्या दहा-पंधरा वर्षं बदलत नाहीत. भिंतीचा रंग त्यामानाने थोड्या पैशांत बदलता येतो. म्हणून जे बदलणार नाही त्याच्याकडे आधी बघायचं आणि जे बदलू शकतं ते सगळ्यात शेवटी ठरवायचं. क्रम असा: फरशी, ओटा, ट्रॉल्या, ओट्यामागच्या टाइल्स आणि मग भिंत.

झाक म्हणजे काय

आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्द आहे: झाक. "पांढरा आहे, पण पिवळसर झाक मारतोय," असं आपण साडी घेताना सहज म्हणतो. वर दिसतो तो रंग आणि त्याच्या पोटात दडलेला दुसरा रंग म्हणजे झाक. लाकडाच्या रंगात पिवळी, नारिंगी, तांबडी किंवा जांभळट झाक असते. राखाडीत निळी, हिरवी किंवा जांभळी असते. पांढऱ्यात तर यातली कुठलीही असू शकते.

जयपूरला आलात तर सांगानेर आणि बगरू या दोन गावांचं छापील कापड शेजारी शेजारी ठेवून बघा. सांगानेरी कापडाची जमीन पांढरी स्वच्छ असते. बगरूचं कापड छपाईआधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, त्यामुळे त्याच्या जमिनीला पिवळसर झाक येते. बगरूचं कापड एकटं बघितलं तर "फिकटच आहे की" असं वाटतं. सांगानेरी शेजारी ठेवलं की लगेच पिवळेपणा कळतो. झाक ओळखायची पहिली युक्ती हीच आहे: एकटा रंग बघू नका, त्याला शेजारी द्या.

गुलाबी शहर खरंच गुलाबी आहे का?

सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ मध्ये वसवलेलं हे शहर गुलाबी म्हणून ओळखलं जातं, ते १८७६ पासून. प्रिन्स ऑफ वेल्स आल्बर्ट एडवर्ड यांच्या भेटीच्या निमित्ताने महाराजा सवाई रामसिंह दुसरे यांनी शहराला हा रंग दिला, असं सांगितलं जातं. पण परकोट्यात, म्हणजे जुन्या तटबंदीच्या आत, जाऊन भिंतीजवळ उभं राहिलं तर तो गुलाबी नसतो. तो गेरूचा रंग आहे. गेरू म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड असलेली माती. पोटात तांबडा आणि थोडा नारिंगी.

हवामहालासमोर सकाळी उभे राहा. कोवळं ऊन समोरून येतं आणि भिंत खुलून गुलाबी-केशरी दिसते. दुपारी ऊन डोक्यावर आलं की तीच भिंत फिकट, मातकट होते. संध्याकाळी सूर्य मागे गेला की विटकरी. शिवाय त्यावर पांढऱ्या रेघांची नक्षी आहे. त्या पांढऱ्यामुळे गेरू अधिक गडद वाटतो आणि गेरूमुळे पांढरं अधिक उजळ. आपल्या स्वयंपाकघराला लागणारे दोन धडे इथेच मिळतात. रंग उजेडाप्रमाणे बदलतो आणि शेजाऱ्याप्रमाणेही बदलतो.

फौजेत हे आम्ही वेगळ्या कारणासाठी शिकतो. ईशान्येच्या जंगलात जो हिरवा गणवेश माणसाला गडप करतो, तोच जैसलमेरच्या वाळूत मैलावरून उठून दिसतो. रंग तोच, फक्त पार्श्वभूमी बदललेली.

एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचं म्हणणं

यामागचं शास्त्र नीट मांडलं मिशेल-यूजेन शेव्हरूल यांनी. पॅरिसच्या गोबेलँ या प्रसिद्ध गालिचे विणणाऱ्या कारखान्यात ते रंगविभागाचे प्रमुख होते. तक्रार अशी होती, की निळ्या-जांभळ्या कापडात वापरलेला काळा धागा फिका दिसतो. त्यांनी रंग तपासला, तर काळ्यात काही खोट नव्हती. शेजारचा निळा आणि जांभळा त्याला फिका दाखवत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथच प्रसिद्ध केला.

त्याचं सार आपल्या कामापुरतं एवढं: प्रत्येक रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध दिशेला ढकलतो. तांबडा शेजाऱ्याला हिरव्याकडे ढकलतो, पिवळा निळ्या-जांभळ्याकडे, निळा नारिंगीकडे. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं हिशेबाने सुटतं.

आता जोड्या बघू

सागवान किंवा सागाच्या रंगाचं लॅमिनेट: झाक पिवळी-नारिंगी. शेजारी निळसर पांढरी भिंत आली की लाकूड आणखी नारिंगी दिसतं. तसं हवं असेल तर ठीक. लाकूड शांत दिसावं असं वाटत असेल, तर सायीचा, हस्तिदंती किंवा फिका गव्हाळ रंग घ्या.

शिसव, अक्रोड, गडद तपकिरी: बहुधा झाक तांबूस किंवा जांभळट. हिरवट राखाडी भिंत, म्हणजे वाळलेल्या मेंदीच्या पाल्यात पांढरा मिसळल्यासारखी, लाकडाची लाली उठवते. लाली नको असेल तर हिरव्याच्या वाटेला जाऊ नका. उबदार, किंचित गुलाबी-मातकट पांढरा चालेल.

चकचकीत शुभ्र ट्रॉल्या: यांत अनेकदा निळसर झाक असते. त्यांच्यामागे पिवळट क्रीम भिंत लावली तर ट्रॉल्या अधिक निळ्या दिसतात आणि भिंत धुरकटल्यासारखी. इथे पांढऱ्यासोबत त्याच जातीचा पांढरा हवा, किंवा सरळ वेगळा, ठाम रंग हवा. मधलं अर्धवट काही नको.

क्रीम किंवा हस्तिदंती ट्रॉल्या: उलटा प्रकार. मागे शुभ्र भिंत आली की क्रीम जुनाट, पिवळं पडल्यासारखं दिसतं. भिंत त्याच सायीच्या घरातली, पण एक-दोन पायऱ्या फिकी घ्या.

राखाडी ट्रॉल्या: सगळ्यात फसव्या. गुलाबी झाक असलेली भिंत राखाडीला हिरवट करते. फरशी कोटा दगडाची असेल, तर त्यात आधीच निळसर-हिरवट झाक असते. तिला सोबत घेऊनच ठरवा.

झाक ओळखायची कशी? ट्रॉलीचं एक झाकण काढून, किंवा लॅमिनेटचा नमुना घेऊन, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ जा. थेट उन्हात नको. शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद ठेवा. आपण ज्याला पांढरं समजत होतो त्याचा खरा रंग लगेच बाहेर येतो. लाकडासाठी त्याच रंगाचे दोन-तीन नमुने शेजारी ठेवा; त्यातला तांबूस कोणता, पिवळा कोणता हे कुणालाही सांगता येतं.

उजेड कुठून येतो?

उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड आकाशाचा, म्हणून निळसर. पश्चिमेचा संध्याकाळी पिवळा-नारिंगी. समोरच्या घराचाही उजेड येतो, हे फार जण विसरतात. आमच्याकडे समोर लाल दगडाचं घर असेल, तर दुपारी त्याची लाली आपल्या स्वयंपाकघरात उतरते. कोकणात समोर गर्द झाडी असेल तर हिरवट उजेड येईल.

मग दिवे. एलईडीच्या खोक्यावर आकड्यापुढे के लिहिलेलं असतं. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. सकाळी जमलेली जोडी रात्री ६५०० च्या दिव्यात फिस्कटू शकते. त्याच खोक्यावर सीआरआय हा आकडा असेल तर तोही बघा. तो १०० च्या जितका जवळ, तितके रंग खरे दिसतात. ९० च्या वरचा मिळाला तर उत्तम. याचा उपयोग फक्त भिंतीला नाही, भाजी शिळी की ताजी हे कळायलाही होतो. दिवे आधी ठरवा आणि रंग त्या दिव्यात पारखा.

निवडायचं कुणाच्या डोळ्यांनी?

हा भाग माझ्या वयाच्या मंडळींसाठी. वय वाढतं तसं डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं पडत जातं आणि निळा प्रकाश आत कमी पोचतो. त्यामुळे निळसर आणि राखाडी, गडद निळा आणि काळा यांतला फरक कळेनासा होतो. हे इतकं हळू होतं, की आपल्याला पत्ताच लागत नाही. माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं, ते काही आठवडे मी एकच भिंत दोन रंगांत पाहत होतो. नव्या भिंगातून पांढरी, जुन्यातून चहा सांडल्यासारखी. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ मध्ये झालं, त्यानंतर त्यांनाही रंगांचा असाच गोंधळ झाला होता.

म्हणून "हा पिवळाच आहे", "छे, पांढरा आहे" असा वाद घरात झाला, तर दोघंही खरं बोलत असू शकतात. अशा वेळी तरुण डोळ्यांची एक साक्ष काढा. पण शेवटचा शब्द मात्र त्या खोलीत जो रोज उभा राहतो त्याचा.

आणि एक सुरक्षेची गोष्ट. ओटा, टाइल्स, भिंत सगळं एकाच फिक्या रंगात असेल तर नजर मंदावलेल्या माणसाला ओट्याची कड दिसत नाही. गरम पातेलं ठेवताना अंदाज चुकतो. ओटा आणि भिंत यांत गडद-फिक्याचा स्पष्ट फरक ठेवा. स्विचबोर्डाचाही भिंतीपासून फरक असू द्या.

रंगाऱ्याला बोलावण्याआधी

फोडणीची तेलकट वाफ भिंतीवर बसणारच. डिस्टेंपर ओल्या फडक्याने पुसला की निघतो. ऑइल पेंट पुसता येतो, पण पांढरा ऑइल पेंट काही वर्षांत पिवळा पडतो, उजेड कमी असेल तिथे जास्तच. मग जमवलेली झाक बिघडली. धुता येणारं, हलकी चमक असलेलं इमल्शन स्वयंपाकघराला बरं. फार चमकणारं नको. भिंतीचे उंचवटे आणि दिव्याचे डाग त्यात दिसतात.

घर जुनं असेल तर जुना रंग कोरडा घासू नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं जास्त असू शकतं. ओला करून घासा, डबे-भांडी बाहेर काढा, लहान मुलांना दूर ठेवा.

आता चाचणी. शेड कार्डावरच्या बोटभर चौकोनावर निर्णय घेऊ नका. चारही भिंतींवर चढला की रंग एकमेकांवर परावर्तित होऊन गडद वाटतो. आवडलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटाही नमुन्याला घ्या. दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठ्यावर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या. मग पुठ्ठा ट्रॉलीला लागून उभा ठेवा. आडवा ठेवलेला रंग वेगळा दिसतो. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवा लावून, असे दोन दिवस बघा. नमुना जुन्या भिंतीवर थेट मारू नका. आजूबाजूचा जुना रंग लबाडी करतो.

हिशेबही सोपा आहे. ८ बाय १० फुटांचं स्वयंपाकघर, उंची १० फूट: भिंती ३६० चौरस फूट. कपाटं, टाइल्स, दार, खिडकी वजा करून साधारण निम्मी उरते. बऱ्याच इमल्शनचा १ लिटर दोन हातांना १०० ते १४० चौरस फूट पुरतो, म्हणजे २ लिटर पुरेत. सगळा रंग एकाच वेळी घ्या आणि डब्यावरचा छटेचा क्रमांक ट्रॉलीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पाच वर्षांनी डाग झाकायला तोच लागेल.

या रविवारी एवढंच करा: एक कोरा कागद घेऊन आपल्या ट्रॉलीला लावून बघा आणि घरातल्या प्रत्येकाला विचारा, "कुठली झाक दिसते?" उत्तरं लिहून ठेवा. रंगाच्या दुकानात जाताना तोच कागद सोबत घ्या. पुढच्या भागात ओट्यामागच्या टाइल्स आणि त्यांच्या मधल्या सांध्यांबद्दल बोलू. तोवर नमस्कार.