पांबन बेटावरील गाज

रामेश्वरची यात्रा घडलेली घरे आपल्या कोकण-गोमंतकात थोडीथोडकी नाहीत. पांबनच्या सामुद्रधुनीवरून गाडी जाताना यात्रेकरू खालच्या पाण्याला हात जोडतात. त्या पाण्यावर पोट भरणारी मच्छीमार वस्ती मात्र सहसा कोणाच्या नजरेत भरत नाही. याच वस्तीतून १५ ऑगस्ट २०१६ रोजी एक नभोवाणी केंद्र सुरू झाले. ‘कडल ओसै’ हे त्याचे तमिळ नाव. आपण किनाऱ्यावरची माणसे ज्याला समुद्राची गाज म्हणतो, तोच त्याचा अर्थ. आर्मस्ट्राँग फर्नांडो यांनी उभारलेल्या या केंद्रावर ९०.४ मेगाहर्ट्झवरून बोलणारे, ध्वनिमुद्रण करणारे, गाणारे बहुतेक जण मच्छीमार घरांतलेच. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची, धोक्याचा इशारा, सरकारी योजना आणि जोडीला वल्ही मारताना म्हणावयाची ‘अंबा’ गाणी असा त्याचा संसार.

अशा केंद्राची शक्ती तुटपुंजी असते. नियमानुसार प्रक्षेपणाची ताकद १०० वॅट. आवाज दहा-पंधरा किलोमीटरांपलीकडे क्वचितच पोहोचतो. होडी खोल समुद्रात गेली की तो विरतो. मग त्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे की, होडी लोटावयाची की नाही याचा निर्णय किनाऱ्यावरच होतो. २०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘ओखी’ वादळ उठले तेव्हा दक्षिणेतील शेकडो होड्या आधीच दूर समुद्रात होत्या. त्यांतील पुष्कळ भरकटत आपल्या देवगड बंदराच्या आश्रयास आल्या. पण कित्येक मच्छीमार परतलेच नाहीत. सरकारी अंदाज आकड्यांत बोलतो. तोच अंदाज शेजारघरच्या मुलाने आपल्या बोलीत सांगितला म्हणजे म्हातारा तांडेलही क्षणभर थांबतो.

आम्हांस अधिक मोलाची वाटते ती या संवादाची उलटी वाट. मन्नारच्या आखातातील २१ बेटे १९८६ पासून राष्ट्रीय सागरी उद्यानात मोडतात. तेथील शास्त्रज्ञ प्रवाळांविषयी बोलतात, वनखाते निर्बंधांविषयी. समुद्रशेवाळासाठी बुड्या मारणाऱ्या बायकांना आणि वारा कसा बदलला, कोणती मासळी दिसेनाशी झाली हे हाताच्या अनुभवाने जाणणाऱ्या वृद्धांना आजवर विचारतो कोण? या केंद्राने त्यांच्यापुढे ध्वनिवर्धक ठेवला. ज्याने ऐकावयाचे त्यानेच बोलावयाचे, हा प्रघात आकाशवाणीच्या भव्य इमारतींत फारसा रुजला नाही.

परंतु येथेच सरकारचा हात आडवा येतो. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. सामुदायिक नभोवाणीची दारे २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना व २००६ मध्ये सेवाभावी संस्थांना उघडली. मात्र स्वतःची बातमी देण्यास अशा केंद्रांना मनाई! आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवाव्यात, एवढीच मुभा. १९७४ व १९७६ च्या करारांनी भारत-श्रीलंका सागरी सीमा आखली. ती ओलांडल्याच्या आरोपावरून रामेश्वर-पांबनकडील मच्छीमारांची धरपकड आणि होड्यांची जप्ती वारंवार होते. त्या रात्री बेटावरील प्रत्येक घराचे कान ज्या वार्तेकडे लागलेले असतात, तीच वार्ता बेटाच्या केंद्राने आपल्या तोंडाने सांगावयाची नाही. तीच वार्ता आम्ही वृत्तपत्रवाले बिनदिक्कत छापतो; मग त्या केंद्रानेच असे कोणते पातक केले आहे?

१९५५ पासून १९६१ पर्यंत वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी सरहद्दीवरील जंगलांतून गोव्यासाठी गुप्त नभोवाणी चालविली. सालाझारशाहीला धास्ती वाटली ती त्या यंत्राची नव्हे, त्यावरून जाणाऱ्या बातम्यांची. परक्या सत्तेने बातमीला भ्यावे, हे समजू शकते. स्वतंत्र भारताच्या सरकारने १०० वॅटच्या केंद्राला का भ्यावे?

चिथावणी अथवा अफवा पसरविणाऱ्यास शिक्षा करावयास देशात कायदे पुष्कळ आहेत. तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्रालयाने ही सरसकट बंदी उठवावी, निदान आपापल्या गावच्या बातम्या देण्याचा अधिकार किनाऱ्यांवरील व बेटांवरील केंद्रांना पुढील मासेमारी हंगाम सुरू होण्यापूर्वी द्यावा, अशी आमची मागणी आहे.