कंठग्रंथीचा एक विरळा कर्करोग

गळ्याशी न दुखणारी गाठ दिसली की घरातील वडील मंडळी 'गलगंड असेल' म्हणून तिची बोळवण करतात. पुष्कळदा ते खरेही ठरते. कंठग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. आणि ज्या कर्करोगाच्या निघतात त्यांतीलही बहुसंख्य रोगी बरे होतात. आज ज्या प्रकाराविषयी बोलावयाचे, तो मात्र त्या कुळातला नव्हे.

१९५९ साली अमेरिकेत क्लीव्हलंड येथील हॅझार्ड, हॉक व क्राइल या तिघांनी २१ रोग्यांच्या अभ्यासावरून त्याची जात निराळी म्हणून सांगितली. 'मेड्युलरी' हे नाव त्याला चिकटले. वास्तविक या ग्रंथीत मज्जाभाग असा नसतोच, तेव्हा नावात अर्थ शोधू नये! ग्रंथीचा नेहमीचा रस बनविणाऱ्या पेशी वेगळ्या, आणि त्यांच्या आसपास विखुरलेल्या थोड्या 'सी' पेशी वेगळ्या. या दुसऱ्या पेशी कॅल्सिटोनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतात. हा रोग उपजतो तो त्यांच्यात.

एवढे ध्यानात घेतले की पुढचे उलगडते. सी पेशी आयोडीन शोषीत नाहीत. म्हणून इतर प्रकारांत गुणकारी ठरणारे किरणोत्सर्गी आयोडीन येथे व्यर्थ जाते. उलट कॅल्सिटोनिन रक्तात मोजता येते. शस्त्रक्रियेनंतर ते दुप्पट व्हावयास दोन वर्षांहून अधिक काळ लागत असेल तर रोगी पुष्कळ वर्षे जगण्याचा संभव असतो. सहा महिन्यांच्या आत दुप्पट झाले तर चिन्ह वाईट.

लक्षणे थोडीच. गाठ हाताला लागते तोवर रोग बहुधा मानेतील रसग्रंथींपर्यंत गेलेला असतो. तो बळावल्यावर काहींना जुलाब लागतात, आणि बिचारे पोटाचे औषध घेत राहतात. रोग कंठग्रंथीतच असताना ती समूळ काढली तर दहा वर्षांनंतर शंभरांतले सुमारे ९५ जण हयात असतात. रसग्रंथींत शिरल्यावर सुमारे ७५. यकृत, फुप्फुसे, हाडे यांत पसरल्यावर सुमारे ४०. २०११ पासून निघालेल्या नव्या गोळ्या पसरलेल्या रोगाला आवर घालतात, पण बहुधा त्याला निपटून काढीत नाहीत.

चार रोग्यांपैकी सुमारे एकाला हा रोग वारशाने येतो. १८८६ साली जर्मनीतील फ्रायबर्ग येथे १८ वर्षांची एक मुलगी धडधडीच्या झटक्यांनी दगावली. तिच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत अर्बुदे सापडली. २००७ साली तिच्या आप्तांच्या वंशजांचे रक्त तपासले, तेव्हा 'रेट' नावाच्या जनुकातील दोष हाती लागला. १९९३ साली या आनुवंशिक रोगाचे मूळ म्हणून उघडकीस आला, तो हाच दोष. म्हणूनच कंठग्रंथीवर शस्त्र धरण्यापूर्वी अधिवृक्कांची तपासणी करतात. तेथील अर्बुद नजरेतून सुटले तर भूल देताच रक्तदाब भडकून प्राणावर बेतते.

आईबापांपैकी एकात हा दोष असला तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याचा संभव निम्मा. रक्ततपासणीने तो कळतो. दोषाचा प्रकार उग्र असेल तर मूल पाच वर्षांचे होण्याच्या आतच, आणि अतिउग्र असेल तर पहिल्याच वर्षी, गाठ येण्याची वाट न पाहता ग्रंथी काढून टाकतात. खेळत्याबागडत्या, निरोगी दिसणाऱ्या पोराच्या गळ्यावर सुरी चालवावयास संमती देणे कोणत्याही मातेला सोपे नाही. त्यानंतर ते मूल रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉइडच्या रसाची एक गोळी घेते, आणि ती त्याला जन्मभर घ्यावी लागते.